औषध न दिलेलं झाड

सॅक्रमेंटोच्या जुन्या वस्त्यांत रस्त्याला एल्मची सावली असते. आपल्या वावळाच्याच कुळातलं हे झाड. त्याची पानं खाणारा भुंगेरा मूळचा युरोपातला. अमेरिकेत तो 1830 च्या दशकात पोचला. त्याच्यावरची औषधं तपासून पाहणं हे माझं काम.

मेलेले किडे मोजून फारसं कळत नाही. मी पान उलटं करते. आरपार भोक म्हणजे प्रौढ भुंगेऱ्याचं काम. अळी खालून गर खरवडते आणि शिरा, वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते. मग पान तपकिरी जाळी होतं. पाठीवर पिवळ्या अंड्यांच्या रांगा दिसतात. भोकं आहेत, पण जाळी नाही, असं झाड दिसलं की मी खूश. पाहुणे शेजारून येऊन चावून गेले, पण पिल्लावळ जगली नाही.

इमिडाक्लोप्रिड बुंध्याशी मातीत दिलं तर मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायला काही आठवडे घेतं, म्हणून अळ्या निघायच्या बऱ्याच आधी द्यावं लागतं. दुसरी रीत म्हणजे खोडाला कार्बारिलचा पट्टा. पुरत्या वाढलेल्या अळ्या कोषात जायला खोडावरून खाली उतरतात, तेव्हा त्यात सापडतात. पण तोवर पानं खाऊन झालेली असतात! फायदा झालाच तर पुढच्या पिढीत, तोही शेजारच्या झाडांना पट्टे असतील तर. त्यामुळे एकट्यादुकट्या झाडावर पट्टा तपासणं मला फुकटचा खटाटोप वाटतो. अख्खी गल्लीच एक धरावी.

खरी कटकट कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या झाडाची. ज्यांच्या दारातलं झाड बिनऔषधाचं राहतं ते विचारतात, “आमचंच का वगळलंत?” काही वर्षी भुंगेरे मुळातच कमी असतात. सगळी झाडं हिरवीगार राहतात आणि श्रेय औषध लाटतं. ते पकडायला हेच झाड लागतं. एवढं सांगूनही समोरच्याचं समाधान होत नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

औषध लागू पडलं तरी पानं बघणं मी थांबवत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात दुसऱ्याच एका भुंगेऱ्यासाठी एल्मना इमिडाक्लोप्रिड दिलं, तर कोळी कीड फोफावली. तो अभ्यास 2011 मध्ये छापून आला. म्हणून पानामागचे कोळीही मोजते. औषधवाल्यांच्या तक्त्यात त्याचा रकाना नसतो, मी हाताने आखते.

चाचणी संपली की कंट्रोलच्या झाडांनाही औषध देऊ करते. निरोगी एल्म एखाद्या हंगामाची पानगळ सोसून पुन्हा फुटतो, हे पाहिलेले काही जण मात्र “राहू द्या” म्हणतात.