पाचूचे ताट

सांगलीत तीन पिढ्या हळदीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात फाल्गुन महिन्यात एक अनपेक्षित पाहुणा आला. पुण्यात शिकणारा भाचा नोकरीनिमित्त परदेशी निघाला होता. आपला पाळीव हिरवा इग्वाना त्याने मामाच्या स्वाधीन केला. इग्वाना म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतील जंगलांत राहणारा मोठा सरडा. शेजाऱ्यांना ती घोरपड वाटली आणि आता वनखात्याची माणसे येणार, अशी कुजबुज सुरू झाली. घोरपड पाळणे हा गुन्हाच आहे. या परदेशी प्राण्याची मात्र वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. घरातील कर्ते वडील, ज्यांना सारे आप्पा म्हणत, त्यांनी नोंदीचे कागद हुंडी तपासावी तसे तपासले आणि मगच काचेची पेटी माडीवर नेऊ दिली.

आजींची शंका निराळी होती. "हा खातो काय?" एवढेच त्यांनी विचारले. किडे खाणारा जीव असता, तर त्या घराचा उंबरा त्याला ओलांडता आला नसता. इग्वाना जन्मभर पाने, फुले आणि फळे खाऊन राहतो, हे कळल्यावर आजींनी संमती दिली. बारा वर्षांच्या नातवाने त्याचे नाव पाचू ठेवले.

चार महिने सुखाचे गेले, असे सर्वांना वाटत होते. पाचूची पेटी खिडकीजवळ होती. बंद काचेतून ऊन येई, वर उबेसाठी पिवळा दिवा असे. नातू त्याला बाजारातील पालक घाली. आषाढात चातुर्मास लागला. पावसाळी पानांवर सूक्ष्म जीव फार, म्हणून आजींचा त्या काळात पालेभाजीचा त्याग असे आणि घरातही पालेभाजी येत नसे. पाचूला काकडी, दुधी आणि केळे मिळू लागले. तो ते आवडीने खाई, त्यामुळे कोणालाही वावगे वाटले नाही.

श्रावण संपताना पाचू फांदीवर चढेनासा झाला. मागचे पाय फरफटू लागले, बोटांना कंप सुटला. खालचा जबडा सुजून असा मऊ पडला होता, की केळ्याची फोडही त्याला नीट चावता येईना. घरात पूर्वी गाई होत्या, दारात कुत्रेही असे. त्यांचे आजारपण कण्हण्यातून, हंबरण्यातून कळे. हा जीव मात्र एक शब्दही न काढता खंगत होता. त्याचे दुखणे ओळखायचे कसे, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर पुण्यात मिळाले. दशलक्षण पर्वाच्या चौथ्या दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी पाचूला ठेवून थोरले चिरंजीव आणि नातू पुण्यास गेले. क्ष-किरण चित्रात हाडे इतकी फिकट दिसत होती, की ती आहेत की नाहीत अशी शंका यावी.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले, ते व्यापाऱ्याच्या घरी पटकन उमजण्यासारखे होते. रक्तात कॅल्शियमची ठरावीक पातळी राखावीच लागते. आहारातून जमा होत नसेल, तर शरीर ते हाडांतून काढते. खर्च चालू आणि जमा बंद, म्हणजे मुद्दलच संपत जाते. इग्वानाच्या अन्नात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम हवे. काकडीत ते थोडे, केळ्यात तर फॉस्फरसच अधिक. पालकात कॅल्शियम असते, पण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल ते बांधून ठेवते. शिवाय मिळालेले कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते. इग्वाना ते उन्हातील अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने आपल्या त्वचेत तयार करतो. हे किरण खिडकीची काच अडवते. पुण्यात पाचू गच्चीवर ऊन खात असे, सांगलीत त्याला केवळ उजेड मिळाला.

डॉक्टरांनी कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, तोंडाने द्यायचे औषध दिले आणि अतिनील-ब किरणांची नळी लावण्यास सांगितले. कॅल्शियमची भुकटी शिंपल्यांपासून केलेली नाही ना, हे चिरंजीवांनी विचारून घेतले. डॉक्टरांनी खनिज चुनखडीपासून बनणारी भुकटी लिहून दिली. पण मुख्य औषध आहार होता. शेवग्याची पाने, मोहरीचा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले, असे ताट त्यांनी आखून दिले. मुलगा आणि नातू एकमेकांकडे पाहत राहिले. चातुर्मासात, तेही पर्वाच्या दिवसांत, घरात पाला न्यायचा कसा?

त्यांनी पळवाट काढली. पाचूची पेटी माडीवरून मागच्या गोदामात हलवली. नातू शाळेतून येताना पाला आणी आणि परस्पर गोदामात नेई. आजींना काही सांगितले नाही. पण ज्या घरात भाजीची पिशवी कोणत्या दाराने आली हेही कळते, तिथे गुपित किती दिवस टिकणार? दुसऱ्याच दिवशी आजींना अंगणात शेवग्याचे पान पडलेले दिसले. त्या काही बोलल्या नाहीत. आपला नियम घरात आपल्यामागे मोडला जातो, याचे दुःख त्यांच्या मौनात होते.

पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे विवेचन होई. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय आला. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आजींनी ते शेकडो वेळा ऐकले होते. अन्नपाननिरोध म्हणजे आश्रित जीवाचे खाणेपिणे रोखणे. त्या दिवशी पाचवा शब्द ऐकताना त्यांच्या डोळ्यांसमोर काकडीच्या चकत्या आल्या.

दुपारी त्या काठी टेकत गोदामात आल्या. नातू दचकून उभा राहिला.

"आजी, मी हात धुऊनच घरात येतो. पाला आत आणलेला नाही."

"ते ताट इकडे आण," आजी म्हणाल्या. "त्याग माझा आहे, बाळा. तो मी समजून घेतला आहे. याने कुठे घेतला होता?"

मग त्यांनी पांढरे वस्त्र अंथरले आणि दाराच्या उजेडात एकेक पान उलटेसुलटे करून पाहिले. एखादा किडा दिसला, तर तो मऊ पिसाने अलगद उचलून परसातील झाडावर सोडायला नातवाला सांगितले. पाने गाळलेल्या पाण्यात धुतली. आजींच्या ताटात त्या चातुर्मासात पालेभाजी आली नाही, आणि पाचूच्या ताटात ती एक दिवसही चुकली नाही. पेटी पुन्हा माडीवर गेली.

सुधारणा हळूहळू झाली. हाडे मोडू नयेत म्हणून पेटीतील उंच फांद्या काढल्या होत्या. हळदीचे नमुने तोलण्याच्या काट्यावर दर रविवारी पाचूचे वजन होई आणि आप्पा ते वहीत लिहीत. पहिली नोंद ३१० ग्रॅमची, कार्तिकातील शेवटची ३६५ ग्रॅमची आहे. किरणांची नळी पेटलेली दिसली, तरी तिच्यातील अतिनील किरण काही महिन्यांनी क्षीण होतात. म्हणून ती बदलण्याची तारीखही, एखाद्या हुंडीची मुदत लिहावी तशी, त्याच पानावर लिहिलेली आहे. जबडा घट्ट झाला, कंप थांबला. डावा मागचा पाय मात्र वाकडाच राहिला.

पाचापैकी पहिला अतिचार, बंध, याचे उत्तर त्या घराला अजून मिळालेले नाही. परक्या मुलखातील हा जीव येथे मोकळा सोडणे ही त्याच्यावरही दया नव्हे आणि येथील जीवांवरही नव्हे. इग्वाना पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. तेवढा काळ त्याचा भार वाहायचा आणि हौसेसाठी दुसरा जीव कधीही बंदिस्त करायचा नाही, असे सर्वांनी मिळून ठरवले.

क्षमावाणीच्या दिवशी नातवाने घरात सर्वांना नमस्कार करून क्षमा मागितली आणि मग तो माडीवर गेला. आजी आधीच तिथे, पेटीसमोर हात जोडून उभ्या होत्या. पाचू त्यांच्याकडे न पाहता जास्वंदीचे फूल खात होता.