तिसऱ्या पिनचा कोपरा

माझ्या बेंचखाली गोणपाटात बांधलेले क्रँकचे दोन तुकडे दोन वर्षं पडून होते. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरची क्रँक, मोडली ती तिसऱ्या पिनला, फ्लायव्हीलकडच्या कोपऱ्यात. मोडकी क्रँक कोणी जपून ठेवत नाही, भंगारवाला किलोवर घेऊन जातो. मी ठेवली होती. कोणी विचारलं तर ‘नमुना म्हणून’ असं सांगत होतो. यंदा मृगाच्या आधी दुकान झाडताना पोरानं ते गोणपाट सोडलं, आणि तेव्हापासून माझी झोप नीट नाही.

पोरगा मोहाडीकडचा. आयटीआय करून आला, दीड वर्ष झालं. त्याला ठेवायची वेळ माझ्या बोटांनी आणली. बारा वर्षं झाली मला साखर आहे. आधी पायांना मुंग्या यायच्या, गेल्या दोन वर्षांत उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झाली. चहाचा गरम ग्लास धरला तरी चटका उशिरा कळतो. दुसऱ्या कोणाचं यानं फारसं अडलं नसतं. माझा क्रँक घासायचा सगळा धंदा या टोकांवर होता.

पिन गोल घासणं हाताला एकदा बसलं की बसलं. अंडरसाईज १० असो नाहीतर ४०, मायक्रोमीटर म्हणेल तिथं थांबायचं आणि ठिणग्या विझेपर्यंत चाक जागच्या जागी फिरू द्यायचं. त्यात मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती पिन संपून वेब, म्हणजे पिनला धरणारा बाजूचा जाड भाग, जिथं सुरू होतो त्या कोपऱ्याची, तिथल्या रेडियसची. चाकाच्या कडेला डायमंडनं जी गोलाई द्याल तीच क्रँकमध्ये उतरते, आणि चाकाची कडच सगळ्यात आधी ढासळते. गोलाई मोठी ठेवली तर बेअरिंगची कड तिच्यावर चढते आणि पहिल्या तासातच तापते. लहान ठेवली तर तेव्हा काहीच होत नाही. क्रँक छान बसते, तेलाचा दाब छान येतो, मिस्त्री खूश, मालक खूश. जे व्हायचं ते मागाहून होतं.

त्याहून अवघड काम म्हणजे नवी गोलाई जुन्या कोपऱ्यात मिळवणं. पिन अर्धा मिलिमीटर खाली गेली, पण वेबकडचं जुनं वळण तसंच उभं. चाक कडेला सरकवत न्यायचं, वेबला नुसतं शिवल्यासारखं करायचं आणि मागं घ्यायचं. जास्त गेलं तर पिन रुंद होते, कमी पडलं तर दोन गोलाईंच्या मध्ये केसाएवढी पायरी राहते. ती डोळ्याला दिसत नाही. एमरीचा पट्टा मारला की चकाकते आणि चकाकीत बुडून जाते. ती नखाला लागते. अंगठ्याचं नख कोपऱ्यातून हळू ओढलं की एका जागी जरासं अडतं. पस्तीस वर्षं मी हेच करत आलो. नख अडलं की क्रँक परत मशीनवर. काही क्रँका तर अशा असतात की कारखान्यातच त्यांचे कोपरे रोलर दाबून घट्ट केलेले असतात, तिथं चाक लावणंच पाप. कोणता कोपरा घासायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही, यावर मी रात्र रात्र विचार केला आहे. बायको म्हणायची, जेवताना तरी तो कोपरा सोडा.

चकाकीची ओढ माझ्या घरात आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. माझा बाप एका कारखान्यात खरादेवर भांड्यांना झिलई देत असे. संध्याकाळी पाण्याचा गुंड दिव्यासमोर फिरवून बघायचा आणि बोटानं टिचकी मारून ऐकायचा. चांगल्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, हे त्याचं माप. मी क्रँकला हातोडीनं टिचकी मारून नाद ऐकतो ते त्याच्याकडूनच आलं. पण तोंड दिसलं पाहिजे हेही त्याच्याकडूनच आलं. तुमसरच्या राईस मिलवाल्यांपासून साकोलीच्या ट्रकवाल्यांपर्यंत माझ्या क्रँकची ओळख तिच्या चकाकीवरून होती, आणि ती ओळख मला आवडत होती. मिस्त्री लोक पिन फिरवून स्वतःचा चेहरा बघायचे, मी बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघायचो.

ती क्रँक आली तेव्हा जुलै होता. धानाची रोवणी सुरू झालेली, दुकानात पाच क्रँका रांगेत. आधीची क्रँक एका छोट्या पिकअपची, तिचा रेडियस २ मिलिमीटरचा. चाक त्या मापात ड्रेस केलेलं होतं. ट्रॅक्टरला ४ चा लागतो. चाकाला परत डायमंड मारायला अर्धा तास, शिवाय चाक झिजतं. मालक लाखांदूरकडचा, दारात उभा होता. पऱ्हे वाढून चालले, बांधीत पाणी उभं आहे, संध्याकाळी पायजेच म्हणत होता. मी तिन्ही पिना तशाच २ च्या कडेनं काढायला घेतल्या. पहिल्या दोन पिनांचे कोपरे मनाला टोचले म्हणून हातानं दगड लावून ते मिळवत बसलो. तिसरीपाशी दिवस मावळला. नख ओढलं. काही अडलं नाही. माझी टोकं तेव्हाच बधिर व्हायला लागली होती, आणि ते मला माहीत होतं. पट्टा मारला, चकाकी आली, क्रँक गेली.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एका पिनवर दर दोन फेऱ्यांना एक धमाका बसतो. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर मिनिटाला १०००, तासाला ६०,०००. लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर चिखलणीला उतरला की दहा तास सुटत नाही, म्हणजे दिवसाला ६ लाख. सतराव्या दिवशी एक कोटीचा आकडा ओलांडला जातो. पोलाद असे कोटभर ठोके सोसून गेलं तर पुढं सहसा सोसतच राहतं. न सोसणारं त्याच्या आतच जातं. आणि तिसऱ्या पिनच्या पलीकडच्या वेबमधून तिन्ही पिनांचा जोर फ्लायव्हीलकडे जातो. ती क्रँक पंधराव्या दिवशी मोडली.

तुकडे मालकानंच आणले. मोडलेल्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. एका टोकाला कोपऱ्यात बारीक ठिपका. त्याच्याभोवती वैनगंगेच्या शिंपल्यावर असतात तशा एकात एक रेघा, गुळगुळीत, तेलानं काळपट झालेल्या. तडा रोज थोडा पुढं सरकत होता आणि थांबत होता, त्याच्या त्या खुणा. आणि दुसऱ्या बाजूला उरलेला भाग ताजा, करडा, साखरेसारखा दाणेदार. तो एका क्षणात तुटला. ठिपका बरोबर पायरीवर होता.

मी मालकाला म्हटलं, मिस्त्रीनं ब्लॉकची लाईन तपासली नाही, मेन बेअरिंग वाकडी बसली, क्रँक मुरगळत राहिली. हे कारण खोटं वाटत नाही, कारण तसं होतं खरंच. मालकानं भाड्याचा ट्रॅक्टर लावून रोवणी उरकली, पऱ्हे जून झाले होते, धान कमी झालं. नव्या क्रँकचे पैसे मिस्त्रीनं पदरचे भरले. तो माझ्याशी भांडायला आला नाही. फक्त त्याची क्रँक माझ्या दुकानात परत आली नाही.

त्या दोन वर्षांत मी इतरांविषयी फार बोललो. नागपूरच्या दुकानांत दिवसाला किती क्रँका निघतात आणि चाकाला डायमंड कधी लागतो, हे मी लोकांना सांगत होतो. झिजलेल्या पिनवर साधं वेल्डिंग भरून, घासून, नवी म्हणून देणारे आहेत, त्यांच्याविषयी बोललो. नायट्रायडिंगचं कडक कातडं अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं, ते घासून काढतात आणि परत न करताच क्रँक देऊन टाकतात, तेही बोललो. यातला शब्दही मी मागं घेत नाही. ती कामं वाईटच आहेत. लांब क्रँक भिंतीला तिरकी टेकवून ठेवणाऱ्याच्या दुकानात मी आजही पाणी पिणार नाही. पण तावातावानं बोलताना माझा पाय बेंचखालच्या गोणपाटाला लागत असायचा.

पोरानं गोणपाट सोडलं, तुकड्याचं मोडलेलं तोंड रॉकेलनं पुसलं, खिशातून रेडियस गेज काढलं. मी नख वापरतो, तो पानं लावून बघतो, उजेडासमोर धरून. बऱ्याच वेळानं म्हणाला, “काका, हा कोपरा चारचा पायजे होता ना? इथं तर दोनचं पान बसून रायलं.”

मी हो म्हटलं.

“कोनं केली होती?”

मी केली, म्हटलं. तो काही बोलला नाही. दुपारी डबा खाताना त्यानं मोबाईलवर एक जुनी गोष्ट दाखवली. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या स्कॉटलंडच्या इंजिनिअरनं मोडक्या आसांवर लिहिलं, की जाडी जिथं एकदम बदलते त्या कोपऱ्यातून तडा आत शिरत जातो, म्हणून तिथं मोठी गोलाई ठेवा. तेव्हा त्याचं वय बावीस, आमच्या पोराएवढंच. माझ्या चुकीवर कोणीतरी एवढ्या आधी बोट ठेवून गेलं आहे, हे वाचून मला धीर आला नाही. उलट जास्त लाज वाटली.

मग एका शनिवारी तुकडे घेऊन मिस्त्रीच्या गावी गेलो. तो धानाच्या मळणीयंत्राचं इंजिन खोलून बसला होता. तुकडा हातात देऊन म्हटलं, भाऊ, लाईन तुझी सरळ होती, कोपरा माझा होता. त्यानं तुकडा उन्हात फिरवून पाहिला, नख ओढलं. त्याचं नख अडलेलं मला दिसलं. त्यानं पैशांचा विषय काढला नाही, मी देऊ लागलो तर हात मागं घेतला. निघताना म्हणाला, “कापणीच्या आधी एक क्रँक पाठवतो. पोराच्या हातानं करून घेजा.”

पोराच्या हातानं. रस्ताभर मला तेच ऐकू येत होतं. माफी मागायला गेलो होतो, तरी परत येताना मनात राग होता. पस्तीस वर्षांचा माझा हात, आणि तो म्हणतो पोराच्या हातानं.

क्रँक शुक्रवारी आली, चार सिलिंडरची. पोरगा सुटीवर गावी गेलेला, सोमवारी येणार. रविवारी दुकान बंद असतं, मी उघडलं. क्रँक मशीनवर चढवली, थ्रो लावला, डायल शून्यावर आणला. हे सगळं अजून येतं. पहिल्या पिनचा जुना कोपरा पाहायला अंगठ्याचं नख ओढलं. काही कळलं नाही. मग आगपेटीची काडी घेऊन तिचं टोक कोपऱ्यातून ओढलं. काडी कानाशी धरली की पायरीवर बारीक टक असा आवाज येतो, हे मी गेल्या महिन्यात शोधून काढलं आहे. चारही पिनांचे आठ कोपरे काडीनं ऐकले. पाचव्यात टक झाला. तिथं खडूची खूण केली, क्रँक उतरवली आणि साखळीला उभी टांगून ठेवली. डायमंड डबीत ठेवला. डबी पोराच्या खणात ठेवली.