तीन फणांचं माप

पूर्णा तालुक्याची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पाऊस पडला की पायाला चिकटणारी. मृग तोंडावर आला की इथल्या सुतारांच्या दारात तिफणींची रांग लागायची.

तिफण दिसायला साधी असते. आडवं दिंड, त्यात तीन फण, फणांमागे बांबूचे नळे, वर चाडं, हातात धरायला रुमणं. सगळी कसोटी असते ती दिंडाला पाडलेल्या भोकांची. ज्वारीच्या दोन ओळींत दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं, तर तिन्ही फण तेवढ्याच अंतरावर आणि सारखेच कललेले बसायला हवेत. एखादा बोटभर जरी सरकला तरी ती चूक शिवारभर उगवते. पुढे तण काढायला कोळपं चालवलं की त्याची पास तणासोबत पीकही कापते.

म्हणून सुतार लाकडाच्या बाबतीत कधीच घाई करत नाही. बाभूळ चिवट, औताला तीच लागते. पण ओली वापरली तर वाळताना आकसते आणि फण खुळखुळतो. ओंडके पाण्यात मुरवायचे, मग सावलीत वाळवायचे. मुरलेल्या लाकडाला भुंगा सहसा लागत नाही.

आता वाकस, म्हणजे तासायचं हत्यार. आधी लाकडाची रेषा कुठे वळते ते पाहायचं आणि तिच्या कलानं तासायचं. उलटं तासलं की लाकूड उचकटतं. भोक पटाशीनं दोन्ही अंगांनी निम्मं-निम्मं पाडायचं. एकाच बाजूनं आरपार गेलं तर पलीकडच्या तोंडाला ढलपी उडते. भोक तिरकं असल्यानं काटकोनाचा गुण्या इथे चालत नाही, फळीचा साचा लावावा लागतो. शेवटी पाचर ठोकली की फण पक्का.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचं तपशीलवार वर्णन केलं. त्या व्यवस्थेत सुताराला वर्षभराच्या कामाचं धान्य खळ्यावर मिळे. आता ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं आली. बैलांची औतंही लोखंडी झाली. बैलांचं काम मात्र संपलेलं नाही; परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर संशोधन चालतं.

तरी कुऱ्हाडीचा दांडा आजही वाकसानंच नीट उतरतो, कारण तुटू नये तर रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग हवी. ही नजर आणि फणांच्या कलाचे ते साचे जुन्या सुतारांकडे अजून आहेत. ते असेपर्यंत गावोगावच्या मापांची चित्रांसह नोंद व्हायला हवी.