नवे-जुने आणि बँकेची पत

भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत बँकेजवळ असलेले स्वतःचे भांडवल, वार्षिक अहवालात सापडते. परंतु दिलेले कर्ज खरोखर परत आले की नाही, हे ज्या वसुलीच्या आकड्यावरून ठरवायचे, तोच आकडा बीडसारख्या जिल्ह्यात पतपरीक्षकाला सर्वाधिक छळतो, कारण येथे ‘नवे-जुने’ चालते. मार्चअखेरीस शेतकरी हातउसने किंवा सावकाराकडून पैसे आणून पीककर्ज भरतो आणि नवे कर्ज उचलून ती उसनवारी फेडतो. त्याची व्याजसवलत टिकते, बँकेचे खाते थकीत होत नाही आणि कापूस-सोयाबीन हातचे गेलेले वर्षही ताळेबंदात सुगीचे ठरते.

खातेउताऱ्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकरकमी रोख भरणा, एप्रिलमध्ये त्याहून थोडी मोठी उचल आणि वर्षभरात आडत्याच्या पट्टीची किंवा कारखान्याच्या ऊसबिलाची एकही जमा नाही, असे दिसले की संशय बळावतो. तरीही माल विकून आलेली रोकड घरात राखून मार्चमध्ये भरणारा प्रामाणिक कर्जदार उताऱ्यावर अगदी असाच दिसतो, आणि येथेच परीक्षण अडते.

वसुलीचा आकडा असा फसवा असला तरी भांडवलाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १९३६ साली साताऱ्यात स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये निर्बंधांखाली येऊन आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा जुना लौकिक भांडवलाची उणीव भरून काढत नाही हे सिद्ध झाले. २०२३ नंतर बीडमध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचे पैसे अडकले. ती बँक नसून पतसंस्था असल्याने बँकठेवींना मिळणारे ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण तेथे नव्हते. तेव्हापासून येथील परीक्षकाला कर्जांइतकीच ठेवीदारांची धास्तीही मोजावी लागते, कारण घाबरलेला ठेवीदार बँक आणि पतसंस्था असा भेद करीत नाही.

ज्या बँकेची पत ठरवायची तिच्याकडूनच शुल्क घेणाऱ्या मानांकन संस्थांना वसुली खरी की नवे-जुने ही घालमेल परवडत नाही, आणि गावाची नस ओळखणारे शाखाधिकारी बदल्यांच्या चक्रात दुर्मीळ झाले आहेत. तथापि, उतारा नुसता चाळून खरी वसुली ओळखता येते, हा जुन्या परीक्षकाचा गर्व तितकाच घातक आहे. हा गर्व कितीही वेळा खोटा ठरला तरी सुटत नाही, कारण या कामातील सारी प्रतिष्ठा त्याच्याच आधाराने मिळवलेली असते.