बिचाऱ्या बॅटरीचा काय दोष?

नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी नवी टाकी आणत नाही. आधी टाकीत पाणी चढतंय का, ते आपण पाहतो. गाडी मात्र सुरू झाली नाही की, 'बॅटरी गेली' म्हणून सगळे मोकळे!

आमच्या गाडीला दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. तरी भर पावसात लोणावळ्याहून पनवेलला येताना बोरघाटात दिवे मंदावले, वायपर रेंगाळू लागला. मागे सासूबाई आणि झोपलेली मुलं. जीव मुठीत धरून घर गाठलं. गॅरेजवाला म्हणाला, "आता अल्टरनेटरच बदला." खर्च ऐकून ह्यांचा चेहरा उतरला.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पण विज्ञानाच्या बाईंनी समजावलं : बॅटरी गाडी फक्त सुरू करून देते. पुढे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर, म्हणजे सायकलच्या डायनॅमोचा थोरला भाऊच, वीज तयार करतो आणि बॅटरीही भरतो. त्यांचाच मल्टिमीटर मागून आणला.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. आमचा काटा १२.१ वर! पट्टा ताठ होता. इंजिन बंद करून बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी कोमट पाणी नि खाण्याच्या सोड्यानं धुतली, फरक शून्य. मग अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर मीटर लावला, तर १४.४! म्हणजे वीज तयार होत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. त्या तारेचं टोक आतून हिरवं पडून कुजलं होतं. कळंबोलीच्या वायरमननं बॅटरीची ऋण तार आधी सोडवली आणि ते टोक बदललं. अल्टरनेटरचा खर्च वाचला.

मैत्रिणींनो, बॉनेट उघडताना बांगड्या उतरवा, पदर-ओढणी खोचून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी रीत कुणी सांगितली, तरी ऐकू नका. त्यानं अल्टरनेटर आणि गाडीतली इतर यंत्रणा जळू शकते. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. तो जळतच राहिला, तर लांबचा प्रवास नको.

आणि गॅरेजमध्ये जाताना मीटरचे आकडे कागदावर लिहून न्या. मग तिथली भाषा कशी बदलते, ते बघा!