सूर्याला खळं पडतं तेव्हा

काल मी सूर्याला खळं पडताना पाहिलं. तेही रात्री दीड वाजता, मोबाइलवर!

‘सोहो’ नावाचं यान १९९५ साली सूर्यावर नजर ठेवायला गेलं, एवढं ऐकून होतो. पण त्याची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात, हे मला आत्ता कळावं? त्याच्या कॅमेऱ्यात एक तबकडी सूर्याचं बिंब झाकून टाकते. म्हणजे अष्टौप्रहर खग्रास ग्रहण! बिंब झाकलं की भोवतीचं फिकट प्रभामंडळ दिसतं. मी मे २०२४ची चित्रं भराभर पळवू लागलो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून पांढरा लोळ सुटायचा. अब्जावधी टन द्रव्य, पण आपल्याला चुकवून जाणारं.

आणि मग तो आला. हा डावीकडे गेला नाही, उजवीकडेही नाही. तबकडीच्या चहूबाजूंनी उजेडाचं कडं फुगत गेलं. पाच वेळा मागे नेऊन पाहिलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. अहो, जे आपल्याच अंगावर येतंय, ते बाजूला सरकेल कसं? ते नुसतं मोठं होत जाणार, समोरून येणाऱ्या एसटीसारखं!

चंद्राला खळं पडलं की आजी म्हणायची, पाऊस येणार. इथेही खळं म्हणजे वर्दीच!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. सूर्याच्या पाठीमागून पलीकडे निघालेला लोळही असंच खळं दाखवतो. मग ओळखायचं कसं? सूर्याचा चेहरा बघायचा! आपल्या बाजूला भडका दिसला, तर लोळ इकडे निघालाय. असा चेहरा टिपणारी ‘सूट’ दुर्बीण आमच्या पुण्याच्या ‘आयुका’ने घडवली. ‘आदित्य-एल१’ यानावर बसून ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोचलीसुद्धा!

लोळाला इथवर यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पण त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल, तरच पृथ्वीभोवती मोठं चुंबकीय वादळ होतं. आणि ते नक्की कळतं केव्हा? लोळ त्या १५ लाख किलोमीटरवरच्या यानांवरून जातो तेव्हा. हाताशी उरतो जेमतेम अर्धा-पाऊण तास!

१० मे २०२४च्या रात्री ते दक्षिणेकडेच झुकलं होतं. त्या वादळाने लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. मी मात्र गच्चीवर उताणा पडून उकाड्याच्या नावाने खडे फोडत होतो.

आता झोप कुठली? चहा ठेवतो, तोवर नवं चित्र आलं असेल.