दगडी वाट आणि पाणी

घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत दगडी वाट करावयाची ठरली, की घरधन्याचे लक्ष प्रथम दगडाकडे जाते. तो काळा असावा की तांबूस, घडीव असावा की ओबडधोबड, यावर घरात दिवसचे दिवस खल चालतो. पाण्याची आठवण मात्र बहुधा पहिल्या वळिवानेच होते. वास्तविक दगडी वाट खचते, हिंदकळते किंवा शेवाळते, त्याचे कारण क्वचितच दगडात सापडते. दगड मोटारीचा भार निमूटपणे सोसतो. भिजून मऊ झालेली त्याच्याखालची माती मात्र तो सोसू शकत नाही.

ही गोष्ट जुन्या रस्तेबांधकांना पुरती ठाऊक होती. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये रोमनांनी आप्पियन मार्ग बांधावयास घेतला. त्याच्या काळ्या, ज्वालामुखीजन्य दगडांच्या फरसबंदीचे काही भाग आजही चालण्याजोगे आहेत. १८१६ मध्ये ब्रिस्टल परिसरातील रस्त्यांची जबाबदारी स्वीकारणाऱ्या जॉन लाउडन मॅकॅडमने याच अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. वाहनांचा भार अखेरीस खालची मूळ जमीनच पेलते आणि ती कोरडी आहे तोवरच पेलते, असे त्याचे म्हणणे होते. रस्त्याचे पहिले कर्तव्य, त्याच्या मते, आपल्या पोटाखालची माती कोरडी राखणे हे होते.

दख्खनच्या पठारावर या सिद्धांताची कसोटी अधिकच कठीण. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर थेट बसविलेली फरशी दोन ऋतूही सरळ राहत नाही. म्हणून जाणता गवंडी प्रथम ती माती काढून टाकतो. मग मुरमाचे थर घालावयाचे, प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारावयाचे आणि धुम्मसाने तो चोपावयाचा. त्यावर खडी, खडीवर जाडसर वाळूचा किंवा कचीचा दीडदोन इंचांचा थर, आणि मग दगड. मोटार जावयाची असेल तर दगड निदान तीनचार इंच जाडीचा हवा. शहाबादची पातळ फरशी ओटीवर शोभते, चाकाखाली ती तडकते. दोन्ही कडांना उभे दगड खोल पुरून त्यांनी साऱ्या फरसबंदीला आवळून धरावे लागते. या कामाचा मोठा भाग पुन्हा कधी कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि काटकसर करावयाची झाली तर नेमकी तेथेच केली जाते.

उताराचेही तसेच आहे. तीन मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब वाटेवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर सव्वादोन हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे एवढा पाऊस एखाद्या संध्याकाळीही कोसळतो. हे पाणी घराच्या जोत्याकडे न वळता दूर जावे, यासाठी पन्नासास एक हा उतार पुरतो. म्हणजे तीन मीटरांच्या रुंदीत सहा सेंटिमीटर. डोळ्यांना तो जाणवतही नाही; पाणसळ आणि ताणलेली दोरी मात्र तो बरोबर दाखवितात. मुख्य म्हणजे हा उतार केवळ वरच्या दगडांना देऊन भागत नाही. खालच्या थरांनाही तोच उतार हवा. नाहीतर वरून झिरपलेले पाणी तळाशी डबके करून राहते.

खरा वाद होतो तो दर्जांवरून. दोन दगडांमधल्या फटी सिमेंटने भराव्यात, म्हणजे गवत उगवणार नाही, असा घरधन्याचा आग्रह असतो. म्हातारा पाथरवट त्या वाळूनेच भरू पाहतो. “मालक, पाण्याला वाट ठेवा, नाहीतर ते आपली वाट आपण काढील,” एवढेच त्याचे म्हणणे. नुसत्या कचीवर बसविलेल्या फरसबंदीत सिमेंटची दर्ज फार काळ टिकत नाही. भाराने दगड किंचित हलतात, दर्जेला चीर पडते, चिरेतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडावयास त्याला जागा उरत नाही. वाळूची दर्ज दगडाबरोबर हलते, पाणी मुरू देते, आणि एखादा दगड बसला तर तेवढाच उचलून पुन्हा नीट लावता येतो. तिच्यातले गवत वर्षातून दोनदा उपटावे लागते, एवढीच तिची किंमत.

कोकणातील पाखाड्या हेच सांगतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीच्या परिसरात जांभ्या दगडाच्या या वाटा डोंगरउतारावरून पायरीपायरीने उतरतात. जांभा सच्छिद्र, खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. या वाटा पाण्याला अडवीत नाहीत. काही पाणी पोटात घेतात आणि उरलेले कडेच्या पन्हळीकडे सोपवितात.

परंतु फाटकापर्यंत आलेले पाणी पुढे कोठे जावयाचे, हा प्रश्न उरतोच. आज शहरांतून अंगणे एकसंध काँक्रीटने मढविली जातात. आपले अंगण कोरडे राहिल्याचे समाधान घरधन्याला मिळते आणि त्याचे सारे पाणी रस्त्यावर किंवा सखल भागातल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. त्याच घराच्या मागे मार्चमध्ये विहीर तळ दाखवू लागते. वाटेच्या सखल टोकाशी, जोत्यापासून दहाबारा फूट दूर, दगडगोट्यांनी भरलेला एक शोषखड्डा घेतला आणि तो काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत उतरविला, तर त्यातले पुष्कळसे पाणी घरच्याच जमिनीत जिरते.

दगड बसविण्याचे कौशल्य पाथरवटाच्या हाती असते. ही हद्द ठरविणे मात्र घरधन्याच्याच हाती. आपल्या छपरावर आणि आपल्या वाटेवर पडलेल्या पाण्याची व्यवस्था आपल्याच कुंपणात लावणे, हा शेजारधर्माचा एक जुना भाग आहे. त्यासाठी घरधन्याने करावयाचे ते इतकेच, की दगड निवडण्याआधी एक पावसाळा त्या जागेवरून पाणी कसे वाहते ते पाहावे.